एक पदक, दोन कोट

९ जानेवारी

धाकटीस आशीर्वाद.

सोबतच्या पार्सलात माझा समारंभाचा कोट आहे. मार्चमध्ये पलटणीचा दिवस आहे. या वर्षी छावणीत जुन्या सैनिकी घराण्यांसाठी एक दालन उघडणार आहेत. आपल्या घराण्याला काचेचे एक कपाट मिळाले आहे. आजोबा, वडील, मी, माझा धाकटा भाऊ म्हणजे तुझा नवरा, आणि माझा टिल्लू. चार पिढ्या. प्रत्येकाच्या पदकांशेजारी त्याच्या नोकरीचा इतिहास लावायचा आहे. तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मसुदा पाठवत आहे. तुला वाचनाची सवय आहे, चुका दिसल्या तर कळव.

टिल्लूचे पदक गेल्या महिन्यात घरी आले. बरोबरच्या कागदात "बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे" असे आहे. होडी उलटली तेव्हा नदी फुगलेली होती. तो काठाला लागला होता, बाकीच्यांसाठी पुन्हा पाण्यात गेला. ते तिघे नंतर सापडले. तो सापडला नाही. मी सैनिक आहे. "समजण्यात येत आहे" म्हणजे काय ते मला समजते.

कोटाच्या डाव्या बाजूला माझ्या पदकांची पट्टी अडकवायचे दोऱ्याचे लूप आहेत, ते सैल झालेत, घट्ट कर. स्वतःची पदके डावीकडे, घरातल्या गेलेल्या माणसाची उजवीकडे, हा पलटणीचा रिवाज तुला नव्याने सांगायला नको. उजवीकडे मी इतकी वर्षे वडिलांची लावत आलो. ती आता कपाटात जातील. ते लूप काढ आणि त्या जागी एका पदकापुरते नवे घाल. टिल्लूचे पदक मी उजवीकडे लावणार आहे.

तुझ्या जाऊबाईंना यातले काही कळवू नये. तिला अजून पटलेले नाही. वेळ आली की मी सांगेन.

भाऊजी


१६ जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

कोट पोचला. दुकानात शिंपी मास्तरांनी पार्सल उघडलं, अस्तर उलटून बघितलं आणि म्हणाले, "असं काम करणारे हात आता मिळायचे नाहीत." मग म्हणाले, "आणि असं गिऱ्हाईकही नको. दर वेळी पोट वाढवून आणतं." तुमच्या तोंडावर म्हणाले असते म्हणून तुम्हाला कळवलं. पोटावरची शिवण आता आणखी सोडता येणार नाही, आत कापडच उरलं नाही.

मसुदा वाचला. आजोबांचं पान भरलंय. बाबांचं पान भरून मागच्या बाजूला गेलंय. यांच्या नावाखाली दोन ओळी आहेत. भरती झाले ती एक, चौकीवर तोफगोळा पडला ती दुसरी. मधली वर्षं कुठे गेली, भाऊजी? चौकीवरचा स्वयंपाकी आजारी पडला की हे चुलीपुढे बसायचे आणि सगळ्या तुकडीला करपलेलं खायला घालायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची घरची पत्रं हेच लिहून द्यायचे. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. यांचं पत्र आलं की पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि नको त्या ठिकाणी हसायचा. त्या लाजेपायी मी दुकानातल्या पदकांच्या फितींच्या खोक्यांवरची नावं बघत बघत अक्षरं लावायला शिकले. आता कुठलंही पुस्तक वाचते, पण तेव्हा एवढंच हवं होतं की यांचं पत्र मीच वाचावं. हे इतिहासात बसत नसेल तर राहू द्या. पण दोन ओळी ही चूक आहे, आणि चुका कळव म्हणालात.

उजवीकडचे बाबांचे लूप उसवले. खालचं कापड गडद राहिलंय, बाकी सगळा कोट विटलाय. नवे अजून घातले नाहीत. मुलाच्या उजवीकडे बापाची पदकं असतात. बापाच्या उजवीकडे मुलाचं असा कोट दुकानात आला की मास्तर तो माझ्याकडे देत नाहीत, स्वतः घेऊन बसतात. हा घरचा म्हणून मी मागून घेतलाय.

जाऊबाईंपासून लपव म्हणता, लपवते. पण कोट घरी आल्यावर काय करणार? त्यांना डोळे आहेत.

धाकटी


२१ जानेवारी

धाकटे,

मी बरी आहे. बरी म्हणजे उठते, कामं करते.

टिल्लूचा कोट पाठवलाय. एकदाच घातलेला, नवाच आहे. बाह्या आखूड आहेत, त्याला इलाज नाही. जन्मला तेव्हा सुईण म्हणाली, खिशात घालून नेता येईल, म्हणून टिल्लू म्हणायला लागलो, आणि आता चौकटीखालून वाकून जायचं विसरतो आणि आपटतो. समोरचा दात तसाच तुटलाय त्याचा, तुला माहीतच आहे. ह्या कोटाला डाव्या बाजूला लूप घाल, एका पदकाचे. त्याला पदक मिळालंय. आला की परेडला लावेल. आल्यावर धावपळ नको म्हणून आत्ताच करून ठेवते.

पदक मी पिठाच्या डब्यात ठेवलंय, खाली, पिठाच्या आत. हे शोधतायत. तोंडाने विचारत नाहीत, पण कपाटं उघडल्याचे आवाज येतात.

ह्यांचं झालं सगळं. एक कागद आला आणि झालं. आपल्या फाटकाची कडी किरकिरायची, आठवतं? टिल्लू उशिरा आला की त्या आवाजाने मला कळायचं. अजून माझा सगळा जीव त्या आवाजावर असतो. तर परवा हे तेलाची बाटली घेऊन गेले आणि कडीला तेल पाजून आले. आता कुणी आलं गेलं तरी घरात कळत नाही. तूच सांग, हा माणूस आहे की दगड?

माणसं वाहून जातात आणि कुठेतरी लांब काठाला लागतात. डोक्याला मार बसला की स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही म्हणे. तू एवढी पुस्तकं वाचतेस, तुला माहीत असेल.

ह्यांना सांगू नकोस. कोट टपालाने परत पाठवशील तो माझ्या नावाने पाठव.

थोरली


३० जानेवारी

जाऊबाई, नमस्कार.

टिल्लूचा कोट मिळाला. कॉलरच्या आतल्या बाजूला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास अजून आहे, म्हणून इस्त्री फिरवली नाही.

लूप घालते. नव्या कापडाला पदकाचं वजन ओढतं, छातीवर सुरकुती पडते. म्हणून आतून अस्तराचा एक तुकडा लावावा लागतो. त्याला थोडा वेळ लागेल. दुकानात सध्या गर्दी आहे. पलटणीचा दिवस जवळ आला की सगळ्यांनाच आठवण होते, काल एकजण फीत उलटी लावून आला आणि वर माझ्याशीच वाद घालत बसला.

एक बोलू का? यांची पेटी दारात येऊन गेली, तरी मी पुढे कितीतरी दिवस दोन ताटं वाढत होते. एके दिवशी भूक लागली आणि दुसऱ्या ताटातलंही मीच खाल्लं. कुणी समजावलं नव्हतं. मी तुम्हाला घाई करा म्हणत नाही. पण पलटणीच्या दिवशी भाऊजींच्या कोटाकडे बघून त्यांच्यावर एकदम तुटून पडू नका. त्यांनाही काहीतरी धरायला लागत असेल.

पुस्तकांत माणसं परत येतात, हे खरं आहे. तसली पुस्तकं मी अलीकडे वाचत नाही.

तुमची धाकटी


८ फेब्रुवारी

धाकटे,

भाऊजींच्या कोटाकडे बघून म्हणजे काय? त्या कोटात काय आहे बघण्यासारखं?

तुझं पत्र वाचून कपाट उघडलं. हँगर रिकामा. ह्यांना विचारलं तर म्हणाले, धुवायला टाकलाय. तो कोट हे कधी पाण्याच्या जवळसुद्धा नेत नाहीत! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्याकडे आहे तो. उजवीकडे लूप घालतेयस तू. एका हाताने माझ्या मुलाला डावीकडे आणि दुसऱ्या हाताने उजवीकडे. आणि वर मला ताटांच्या गोष्टी सांगतेस.

तुझं दार कधीच लागलं. आता माझंही लागलं म्हणजे तुला सोबत झाली, हो ना? बसू दोघी शेजारी शेजारी, पदकं पुसत.

माझ्या मुलाचा कोट आहे तसा परत पाठव. लूप घालू नकोस. तुझ्या हातचे नकोत मला.


१५ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

जाऊबाईंना कळलंय. माझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून त्यांनी ओळखलं. त्या मला काय म्हणाल्या ते मी तुम्हाला सांगणार नाही.

पण आता लपवण्यात काही उरलेलं नाही, तर हेही ऐका. टिल्लूचाही कोट माझ्याकडे आहे. त्याला डावीकडे लूप हवेत, तो परत आला की त्याने स्वतः लावावं म्हणून. एकाच पदकासाठी दोन कोट माझ्या टेबलावर पडलेत. मास्तर दोन्हींवर चादर टाकून ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारू नये म्हणून.

सुई उचलण्याआधी मला एक विचारायचंय. इतकी वर्षं विचारलं नाही. यांची पेटी घेऊन तुम्ही आलात. झाकणाला खिळे ठोकलेले होते. मी झाकणावर हात ठेवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "उघडू नको." मी उघडली नाही. तुमच्या शब्दावर मी विधवा झाले. भाऊजी, तुम्ही आत पाहिलं होतं का? पाहिलं नसेल तर तसं लिहा. या वयात मी मोडून पडणार नाही. पण न पाहताच गेला म्हणून टाकायची तुमची रीत असेल, तर उजवीकडचे लूप दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या.

आणि फाटकाच्या कडीला तेल कशाला घातलंत? त्यांना तेवढा एक आवाज राहू द्यायचा होता.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटीस,

पाहिले होते.

चौकीखालच्या तळावर पेटी बंद करायची होती. डॉक्टर म्हणाला, "भाऊ आहे तुमचा, तुम्ही बघू नका." मी म्हणालो, "भाऊ आहे म्हणूनच बघतो. घरी त्याची बायको आहे. तिला मी दुसऱ्याचे ऐकून काय सांगू?" चेहऱ्यावरून ओळखावे असे काही राहिले नव्हते. ते तेव्हा तुला सांगितले नाही, आता सांगतो. मी त्याची डाव्या हाताची करंगळी पाहिली. लहानपणी आम्ही दोघांनी वडिलांची पत्र्याची ट्रंक चोरून उघडली होती. आत त्यांची पदके होती. आधी कोणी लावायची यावरून भांडलो आणि झाकण माझ्या हातून सुटले. तेव्हापासून त्याचे ते नख आडवे वाढायचे. ते नख होते. तो तोच होता. खिळे मी माझ्या हाताने ठोकले, तुझ्या हाताला ते उघडता येऊ नयेत म्हणून जास्तच ठोकले.

म्हणून मी तुला ठामपणे सांगू शकलो.

टिल्लूचे तसे नाही. मी नदीवर जाऊन आलो. तुझ्या जाऊबाईंना सांगितले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललो आहे. काठाकाठाने खालच्या गावांपर्यंत चाललो. भेटेल त्याला विचारले. करंगळीएवढेही काही पाहायला मिळाले नाही.

घरी आल्यापासून फाटकाची कडी वाजली की मी उठायचो. दूधवाला असला तरी उठायचो. ती आत कामात असायची, तिला वाटायचे मी वर्तमानपत्र घ्यायला गेलो. इतक्या वेळा फाटकाशी गेलो की शेजारी विचारू लागला, "कुणी यायचंय का हो?" त्या दिवशी तेल घातले.

मला मेलेला मुलगा हवा आहे असे तुम्हा दोघींना वाटत असेल. तसे नाही. जिवंत किंवा मेलेला, मला कोणता तरी एक हवा आहे. हा मधला मला झेपत नाही. पदक उजवीकडे लावले म्हणजे कडी वाजल्यावर मी बसून राहू शकेन, एवढाच हिशोब होता.

लूप घालायचे की नाही ते तू ठरव.

भाऊजी


२ मार्च

जाऊबाई आणि भाऊजी,

हे पत्र दोघांना मिळून आहे. एकाने वाचावं, दुसऱ्याने ऐकावं. कोण वाचणार यावरून भांडू नका.

दोन्ही कोट एकाच पार्सलात पाठवतेय. तुम्ही दोघं एका घरात राहता, एका खोलीत जेवता आणि मला दोन पार्सलं पाठवता. हे आता पुरे.

भाऊजींच्या कोटाला उजवीकडे लूप घातलेत. टिल्लूच्या कोटाला डावीकडे घातलेत. जाऊबाई, माझ्या हातचे नको म्हणालात, पण माझ्याकडे हेच हात आहेत. दोन्ही कोटांना आतून अस्तर दुहेरी लावलंय. पदक एकच आहे आणि ते पिठाच्या डब्यात आहे. कुठे लावायचं ते समोरासमोर बसून ठरवा, किंवा ठरवू नका. ते काम माझं नाही.

जाऊबाई, भाऊजींचे डोळे ठीक आहेत. ते डॉक्टरकडे गेले नव्हते. कुठे गेले होते ते त्यांना विचारा, आणि कडीला तेल का घातलं तेही विचारा. ते माझ्या पत्रातून कळण्यासारखं नाही, त्यांच्या तोंडून ऐका.

भाऊजी, करंगळीचं वाचलं. ते नख माझ्या बाहीत अडकायचं आणि दोरा ओढला जायचा. मी ओरडायचे, "कापा हो ते एकदाचं." इतकी वर्षं मी कुणाला निरोप दिला ते आज मला कळलं.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

मी तुला सोबतीचं जे लिहिलं ते पत्र फाडून टाक. फाडलं नसशील तर आता फाड.

पार्सल ह्यांनी उघडलं. दोन्ही कोट खाटेवर शेजारी शेजारी पसरून ठेवले. बापाचा विटलेला आणि पोराचा नवा. तुझं पत्र ह्यांनीच वाचलं. पिठाच्या डब्याच्या ओळीपाशी आले आणि थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तो डबा मी दोनदा उघडून बघितला होता."

मी म्हटलं, "नुसता उघडून काय होतंय? कोपरापर्यंत हात घालावा लागतो. कधी पोळी लाटली असती तर कळलं असतं."

आणि अगं, आम्ही दोघं हसलो. हसता हसता हे खाटेच्या कडेवर बसले आणि पोराच्या कोटाची बाही सरळ करत राहिले. मी कडीचं विचारलं. त्यांनी सांगितलं. नदीचंही सांगितलं. मी इतके महिने ह्यांना दगड म्हणत होते, आणि दगड रोज फाटकाशी जाऊन उभा राहत होता.

पदक मी दिलं नाही. ह्यांनी मागितलं नाही. पलटणीच्या दिवशी हे उजवीकडचे लूप तसेच रिकामे घेऊन रांगेत उभे राहिले. मोठे साहेब हात मिळवत मिळवत आले, ह्यांच्या छातीकडे बघून म्हणाले, "इथलं राहिलं वाटतं." हे म्हणाले, "अजून ठरलेलं नाही." साहेब पुढे गेले. मागे उभ्या असलेल्या बायका कुजबुजल्या, म्हाताऱ्याला विसरायला झालंय म्हणून. कुजबुजू देत.

कपाटात टिल्लूच्या खणात फोटो ठेवलाय आणि ह्यांनी लिहिलेलं पान. पानाची शेवटची ओळ कोरी सोडली. दालनाचा कारकून म्हणाला, "काहीतरी लिहायला लागेल, साहेब." हे म्हणाले, "तुमचा मुलगा असता तर काय लिहिलं असतं?" त्याने कपाट लावून घेतलं.

घरी आल्यावर ह्यांनी चिंधी रॉकेलमध्ये भिजवून कडीचं तेल पुसून काढलं. आता पुन्हा पहिल्यासारखी किरकिरते. वाजली की आता दोघंही उठतो. मग एकमेकांकडे बघतो आणि बसतो.

थोरली


११ मे

धाकटीस,

टिल्लू सापडला.

नदी खालच्या अंगाला बरीच आटली आहे. वाळू काढणाऱ्यांना काठावरच्या पडलेल्या झाडाच्या मुळांत अडकलेला दिसला. गळ्यात बिल्ला होता. क्रमांक बरोबर आहे. ठेवता येण्यासारखे नव्हते, म्हणून तुझी वाट पाहिली नाही. काल झाले.

मी एकटाच आत जाणार होतो. ती म्हणाली, "मी पण." तिथल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितले, बाईंनी पाहू नये. तुझ्या दारातली पेटी मला आठवली. मी म्हणालो, "तिला पाहू द्या." ती आत गेली. लवकरच बाहेर आली. म्हणाली, "तोच आहे. दात बघितला."

मग तिने पिशवीतून त्याचा कोट काढला. अंगात घालता येण्यासारखे नव्हते, म्हणून वरून पांघरला. पदकही बरोबर आणले होते. मला ठाऊक नव्हते. तू घातलेल्या डावीकडच्या लुपांत तिने ते अडकवले, सुरकुती पडली नाही ना ते हात फिरवून पाहिले.

तुकडीचा अधिकारी पुढे आला. शेवटच्या निरोपाआधी टोपी आणि पदके काढून घरच्यांच्या हाती द्यायची असा नियम आहे. तीच पुढे घरच्यांच्या उजवीकडे लागतात. पोर नुकताच भरती झालेला, पण नियम बरोबर सांगत होता. ती म्हणाली, "त्याचं आहे. त्याच्या बाजूला राहील." तो माझ्याकडे पाहू लागला. असल्या पोरांना हे नियम मी जन्मभर शिकवत आलो. मी म्हणालो, "राहू द्या."

पदक त्याच्याबरोबर गेले.

पानावरची शेवटची ओळ लिहून आलो.

भाऊजी


१६ मे

जाऊबाई, भाऊजी,

पत्र आत्ता मिळालं. मास्तरांनी दुकान लावून घेतलंय आणि मला गाडीवर बसवायला निघालेत. उद्या दुपारपर्यंत पोचते. माझ्यासाठी काही करून ठेवू नका. स्वयंपाक मी बघते.

धाकटी


१२ जून

धाकटीस आशीर्वाद.

तू गेल्यावर घर फार मोठे वाटू लागले. तुझ्या जाऊबाई जेवतात. तू शिकवून गेलीस तशा दुपारी काहीतरी वाचत बसतात, अडले की मला विचारतात आणि मी सांगितलेले त्यांना पटत नाही.

सोबत तुझ्या नवऱ्याचे पान आहे. नव्याने लिहिले. तू इथे बसून जे जे सांगितलेस ते घातले आहे. चुलीवर करपलेले जेवण आणि दुसऱ्यांसाठी लिहून दिलेली पत्रेसुद्धा. दोन पाने झाली. दालनाचा कारकून म्हणाला, एवढी जागा नाही. मी म्हणालो, माझे पान अर्धे करा.

आता एक विनंती. माझ्या कोटाची उजवी बाजू रिकामी आहे. टिल्लूचे पदक गेले, वडिलांची कपाटात आहेत. धाकट्याची पदके आजवर कुणीच लावली नाहीत. तुम्हाला मूल नव्हते, आणि तुला लावायची आहेत का, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आले नाही. कपाटासाठीही तू ती दिली नाहीस, मी मागितली नाहीत. तुझी हरकत नसेल तर पुढच्या वर्षी ती माझ्या उजवीकडे लावतो. लूप थोडे वाढवावे लागतील. कोट पाठवू का?

भाऊजी


१९ जून

भाऊजी, नमस्कार.

कोट पाठवू नका.

पान वाचलं. आधी मनात वाचलं, मग दुकानात मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. करपलेल्या जेवणापाशी तेही हसले, पण त्या पोस्टमनसारखे नाही. कपाटात लावा ते.

यांची पदकं मी तुम्हाला देणार नाही. राग मानू नका. थंडीत वापरते तो माझा काळा कोट आहे, मास्तरांनीच कापलेला. त्याच्या उजव्या बाजूला मी परवा लूप घातले. पलटणीतल्या सगळ्यांच्या छातीवर मी सुई चालवली, पण स्वतःच्या कपड्यावर कधी चालवली नाही. पेटीत कोण होतं हेच ठाऊक नसताना कुणाची पदकं लावायची? आता ठाऊक आहे. पुढच्या मार्चमध्ये रांगेच्या मागे जाऊबाईंच्या शेजारी मी उभी राहीन. त्या म्हणाल्याच होत्या, दोघी शेजारी शेजारी. बायकांना कुजबुजायचं तर कुजबुजू देत.

तुमच्या उजवीकडचे लूप उसवू नका. रिकामे असले तरी राहू देत. उसवले तर खालचं कापड गडद निघतं आणि जागा जास्तच दिसते. आतून अस्तर दुहेरी आहे. कोट घालाल तेव्हा तिथे थोडं जाड लागेल. त्याची सवय होत नाही, पण कोट अंगावर नीट बसतो.

मार्चच्या आधी एकदा येऊन जाईन. दिवस कळवत नाही, मास्तर सोडतील तेव्हा निघेन. फाटकाची कडी वाजली तर दोघांनी उठू नका. मी असेन.

धाकटी